किल्ल्याची नजर वाचवा

गायमुखच्या घाटात गाड्या का तुंबतात, याची कारणं घोडबंदर रस्त्यावरून रोज जाणाऱ्या कुणालाही पाठ असतात. खड्डे, अवजड ट्रक, कधीच न संपणारी कामं, उलट्या बाजूने घुसणारे दुचाकीस्वार. सगळी खरी आहेत, पण मूळ कारण त्यांच्यापेक्षा कितीतरी जुनं आहे. येऊरकडून उतरत आलेली डोंगररांग इथे वसईच्या खाडीत पाय सोडून बसते आणि डोंगर व पाणी यांच्यामधे जेमतेम रस्त्यापुरती जागा उरते. साष्टी बेटाची उत्तरेकडची ही चिंचोळी कड ज्याच्या ताब्यात, त्याच्याच ताब्यात खुष्कीची वाट आणि खाडीतली जलवाट. पोर्तुगिजांनी घोडबंदरचा किल्ला इथे बांधला तो या हिशेबाने, आणि १७३७ मध्ये ठाणं हाती येताच मराठ्यांनी तो घेतला तोही याच हिशेबाने. वाहतूक पोलीस आज ज्या भूगोलाशी रोज झगडतात, त्याच भूगोलाने जवळजवळ तीनशे वर्षांपूर्वी पोर्तुगिजांची उत्तर कोकणातली सत्ता बुडवली.

घोडबंदरची टेकडी, भाईंदर पश्चिमेला चौक गावाजवळची धारावीची टेकडी आणि खाडीपलीकडचा वसईचा किल्ला या मराठ्यांच्या एकाच वसई मोहिमेच्या तीन जागा आहेत. आज त्या तीन वेगळ्या कार्यालयांच्या तीन वेगळ्या फायलींत पडल्या आहेत. त्यांना जोडणारी, पायी फिरण्याची एक अधिकृत वाट सरकारने आखावी. ती आखताना सगळ्यात आधी जपावं ते या टेकड्यांवरून दिसणारं दृश्य. दगडी भिंतींचा क्रमांक त्यानंतरचा. आपल्याला हा क्रम उफराटा वाटतो, कारण किल्ला वाचवणं म्हणजे तट सावरणं, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलं आहे. पण किल्लेदाराला भिंत हवी असते ती टेहळणी करणारा माणूस आणि त्याची तोफ सुरक्षित राहावी म्हणून. त्या माणसाला समोरचं काही दिसेनासं झालं, तर उरतो तो नुसता चौथरा.

मोहिमेचा घटनाक्रम नकाशावर बोट ठेवून वाचला की हे चटकन लक्षात येतं. गुजरातच्या बहादुरशहाने १५३४ मध्ये वसई आणि साष्टी पोर्तुगिजांना दिल्यावर दोनशे वर्षं हा मुलूख त्यांच्याकडे होता. मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे आणि अणजूरचे गंगाजी नाईक यांच्यासारखी स्थानिक वतनदार मंडळी पोर्तुगिजांच्या धार्मिक जाचाची गाऱ्हाणी घेऊन पेशव्यांकडे गेली. खाडीच्या उताराची, पहाऱ्याची, माणसांची खडान्‌खडा माहिती मराठ्यांना मिळाली ती अशा लोकांकडून. ठाण्याचा नवा किल्ला १७३० च्या सुमारास बांधायला घेतला होता, तो अजून पुरा व्हायचा होता. १७३७ च्या मार्चअखेरीस चिमाजी आप्पांच्या फौजेने खाडी ओलांडून त्या अपुऱ्या किल्ल्यावरच घाव घातला. ठाणं गेलं, पाठोपाठ घोडबंदर गेलं. या दोन जागा गेल्या आणि साष्टीची भातशेती, म्हणजे वसईच्या शिबंदीचं अन्न, एका झटक्यात मराठ्यांकडे गेली. तरीही वसई पडली नाही. त्या वर्षीचे हल्ले फसले. याचं कारण खाडीचं तोंड. समुद्राकडून गलबतं वसईच्या धक्क्यापर्यंत येत होती, तोवर वेढा नावापुरताच होता. १७३९ च्या सुरुवातीला वेसाव्याचा किल्ला पडला, मार्चमध्ये धारावी पडली, आणि तेव्हा कुठे वसईच्या गळ्याभोवतीचा फास आवळला गेला. मे महिन्यात किल्ल्याने शरणागती पत्करली. या दोन वर्षांत शौर्याला तोटा नव्हताच, सुरुंग लावताना आणि तटावर चढताना शेकड्यांनी माणसं पडली. पण जागा कोणत्या क्रमाने घ्यायच्या हे ठरवलं ते टेकड्यांनी आणि पाण्याने.

आता त्यातल्या धारावीकडे पाहा. मुंबईकराला धारावी म्हटलं की दुसरंच काही आठवतं. ही धारावी उत्तन-गोराई-मनोरी या पट्ट्याच्या उत्तर टोकाची, धारावी देवीच्या मंदिराजवळची. इथल्या किल्ल्याचं बांधकाम जवळजवळ उरलेलं नाही. भिंतींवरून मोल करायचं तर या जागेची किंमत शून्य, आणि आजवरच्या सरकारी हिशेबात ती तशीच धरली गेली आहे. पण टेकडीवर उभं राहिलं की उत्तरेला खाडीचं रुंद तोंड, पलीकडच्या काठावर झाडीतून डोकावणारा वसईचा तट, डावीकडे उघडा समुद्र आणि खाली कोळ्यांच्या होड्या एका नजरेत येतात. आत शिरणारं कोणतंही जहाज इथून लपत नाही. वसईचा वेढा दोन वर्षं का रेंगाळला, हे समजवायला इतिहासाच्या पुस्तकाला चार पानं लागतात. इथे ते उघड्या डोळ्यांनी कळतं. घोडबंदरवर उलट स्थिती. तिथे तट आहे, कमानी आहेत, माथ्यावर गोल बुरूज आहे. बुरुजावरून खाडीचं वळण, वरसाव्याच्या पुलावर लागलेली ट्रकांची रांग आणि उत्तरेला कामणदुर्ग-तुंगारेश्वरची दोन हजार फुटांहून उंच चढलेली रांग दिसते. तो पूलच सांगतो की खाडी ओलांडायला सोयीची जागा तेव्हा जिथे होती तिथेच आजही आहे. उद्या टेकडीच्या आणि पाण्याच्या मधे तीस मजली भिंत उभी राहिली, तर चुन्याने नीट दरजा भरलेला तो बुरूज कशासाठी होता हे कुणाला सांगून पटायचं नाही.

हे काल्पनिक भय नव्हे, याचा दाखला अंधेरीत उभा आहे. गिल्बर्ट हिल हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून घडलेला, उभ्या खांबांसारखा बेसाल्टचा कडा. १९५२ पासून त्याला संरक्षण आहे, महापालिकेने वारसा म्हणून त्याची नोंद केली आहे, कागदोपत्री काही कमी नाही. पण संरक्षण मिळालं ते खडकाला. भोवतालची टेकडी खाणींनी खाल्ली, उरलेल्या जागेवर इमारती आणि झोपड्या आल्या, आणि आज तो कडा दोन इमारतींच्या फटीतून शोधावा लागतो. वस्तू जपली आणि तिची जागा गमावली, असा हा व्यवहार. वसईच्या किल्ल्याला निदान केंद्रीय कायद्याचं कवच आहे: राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरपर्यंत नियंत्रण. पण हे अंतर भिंतीपासून मोजलेलं आहे. वसईचा तट आणि धारावीची टेकडी यांच्यामधे खाडीचं अख्खं तोंड आहे. शंभर मीटरची पट्टी घेऊन ते कोण मोजणार?

गंमत म्हणजे, नजरेची किंमत आपल्या सरकारला कळत नाही असं मुळीच नाही. कांदिवली-मालाड पूर्वेच्या रहिवाशांना विचारा. सीओडीच्या, म्हणजे लष्कराच्या आयुध भांडाराच्या आसपास इमारतीचा पुनर्विकास करायचा म्हटलं की किती मीटर अंतर, किती मजले, कुणाची ना-हरकत, या प्रश्नांत सोसायट्यांची वर्षं गेली आहेत. लष्करी ठाण्याभोवतीची जागा मोकळी ठेवता यावी म्हणून १९०३ सालचा कायदा आजही लागू आहे. मढचा, म्हणजे जुन्या वेसाव्याचा किल्ला तर अजून हवाई दलाच्या ताब्यात आहे. परवानगीशिवाय आत जाता येत नाही. तेव्हा आजच्या सैन्यावर कुणाची नजर पडू नये म्हणून आपण हजारो घरांचे आराखडे बदलायला लावतो. कालच्या सैन्याच्या नजरेसाठी दोन टेकड्यांवरून पाण्याकडे जाणारे दोन-तीन कोन मोकळे ठेवा, एवढंच मागणं आहे. लंडनमध्ये सेंट पॉल कॅथीड्रलचा घुमट ठरावीक ठिकाणांहून दिसलाच पाहिजे हा नियम १९३० च्या दशकापासून पाळला जातो. रिचमंड पार्कमधल्या एका उंचवट्यावरून दहा मैलांवरचा तो घुमट आजही दिसतो, आणि मधली इमारत किती उंच जायची ते त्या रेषेवरून ठरतं. त्याने लंडनची बांधकामं थांबली नाहीत.

"मुंबईसारख्या शहरात हे परवडणार नाही," हा आक्षेप मात्र ठरलेला आहे, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मीरा-भाईंदरमध्ये घर घेणारा माणूस अंधेरी-बोरिवलीत घर परवडत नाही म्हणून तिथे गेलेला असतो. त्याला लोकल हवी, मेट्रो हवी, पाणी हवं; खाडीचं दृश्य त्याच्या यादीत विसाव्या क्रमांकावर असलं तर त्यात त्याचा दोष काय? पण घरांसाठी टेकड्या लागतात हे म्हणणं जरा तपासून घेऊ. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या आझाद नगरात दरड कोसळून सत्तरहून अधिक माणसं गाडली गेली. उपनगरांतल्या टेकड्यांवर 'सोय' झाली ती ज्यांना दुसरी सोय नव्हती त्यांची, आणि तिची किंमत त्यांनीच मोजली. दुसरीकडे खाडीकाठच्या टेकडीवर 'सी व्ह्यू' म्हणून विकली जाणारी घरं त्या गरजू माणसाच्या आवाक्यातली नसतातच. म्हणजे दृश्याला किंमत आहे हे बिल्डरला पक्कं ठाऊक आहे. वाद फक्त एवढाच की ते दिवाणखान्याच्या मालकाचं की सगळ्यांचं. जागेची टंचाई आणि घरांचे भाव या दोन्ही बाबतींत हाँगकाँग आपल्याला हार जाणारं नाही. तिथे सुमारे चाळीस टक्के जमीन संरक्षित उद्यानांत आहे, आणि १९७९ मध्ये खुली झालेली १०० किलोमीटरची मॅक्लेहोज वाट समुद्रकाठच्या डोंगरांवरून शिंग मुनच्या तटबंदीजवळून जाते. डिसेंबर १९४१ मध्ये जपान्यांनी एका रात्रीत ही तटबंदी घेतली. आतल्या बोगद्यांना घरची ओढ लागलेल्या ब्रिटिश शिपायांनी लंडनच्या रस्त्यांची नावं दिली होती. 'चेरिंग क्रॉस' तिथे काँक्रीटमध्ये कोरलेलं आहे. हाँगकाँग सरकारने तिथे शोभेची बाग केली नाही की कारंजी बसवली नाहीत. डोंगर राखला, वाट राखली. शत्रू वरच्या अंगाने आला आणि तटबंदी पडली, हे चालणाऱ्याला चढ चढता चढता समजतं.

याहून वजनदार आक्षेप जंगलवाल्यांचा आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं; त्यात आणि लगतच्या पट्ट्यात चाळीसहून अधिक बिबटे. त्याच्या पोटातून ठाणे-बोरिवली जुळा बोगदा चालला आहे, गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचेही बोगदे होत आहेत. त्यात आणखी माणसं आत सोडायची? पावसाळी रविवारी हरिहर गडाच्या कातळपायऱ्यांवर लागलेली रांग आणि पायथ्याला साठलेला प्लास्टिकचा खच ज्याने पाहिला, तो नव्या ट्रेकची मागणी ऐकून कपाळाला हात लावणारच. हा आक्षेप मला जवळपास पूर्ण मान्य आहे, आणि म्हणूनच या वाटेची आखणी उद्यानाबाहेर हवी. घोडबंदरचा किल्ला गावाला लागून आहे, धारावीची टेकडी उद्यानापासून दूर आहे, वसई तर पलीकडे. येऊरच्या माथ्यावरून खाडीपर्यंत जाणारी आतली पायवाट खुली करण्याची गरज नाही, कुणी मागितली तरी वन विभागाने देऊ नये. खाडीच्या उत्तरेला नागला विभागात वन विभाग मार्गदर्शकासह मर्यादित फेऱ्या नेतो, तेवढं पुरे. तीच शिस्त इथे लावावी. रोजची संख्या ठरलेली, नोंदणी आधी, सोबत माहितगार, आणि तो माहितगार घोडबंदरच्या किंवा उत्तनच्या गावातला. सलग पायवाटेचा अट्टहासही नको. दोन टेकड्यांच्या मधे कांदळवन आणि मिठागरं आहेत. उच्च न्यायालयाने २००५ पासून कांदळवनाला जे संरक्षण दिलं ते पर्यटनाच्या नावाखाली पोखरायला नको. तेवढं अंतर बसने जावं. चालणाऱ्याचा अभिमान त्याने दुखावत असेल तर दुखावो.

खरं तर डोंगरप्रेमी आणि इतिहासप्रेमी इथे एकाच बाजूचे आहेत, हे दोघांनाही अजून उमगलेलं नाही. मेट्रोच्या कारशेडसाठी उत्तनजवळ डोंगरीच्या टेकडीवरची हजारो झाडं तोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा विरोधाला उतरले ते गावकरी आणि पर्यावरणवाले. गडकोटांच्या नावाने एरवी रान उठवणारे बहुतेक गप्प होते, कारण त्यांच्या लेखी तिथे 'गड' नव्हता. ज्या पट्ट्यासाठी मराठ्यांनी दोन वर्षं झुंज दिली, तो आपल्या वारशाच्या कल्पनेत बसतच नाही, कारण तिथे बुरूज आणि नगारखाना दिसत नाही. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्याचे फटाके आपण वाजवले. ते किल्ले एकेकटे गेले नाहीत. सह्याद्री, कोकणपट्टी आणि समुद्र यांचा मिळून केलेला लष्करी वापर म्हणून ते यादीत गेले. जो विचार पॅरिसमध्ये मांडला, तो मीरा-भाईंदरच्या विकास आराखड्यात मांडायला काय हरकत आहे?

आणखी एक कुरकुर ऐकू येते, ती दबक्या आवाजात: हे किल्ले मुळात फिरंग्यांचे, त्यांच्यासाठी एवढा जीव का टाकायचा? तिचीच दुसरी बाजू उत्तन-गोराई-वसईच्या ख्रिस्ती गावांत आहे. १७३९ च्या विजयाचा जल्लोष म्हणजे आपल्याविरुद्धचा जल्लोष, अशी धास्ती तिथे असू शकते. दोन्हींचं उत्तर एकच, सगळी हकिकत सांगा. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यावर सोळाव्या शतकात पाद्र्यांनी चर्च चढवलं, हे खरं. वसईच्या चर्चांतल्या घंटा विजयानंतर भीमाशंकरापर्यंत जाऊन देवळांत टांगल्या गेल्या, हेही खरं. शरण आलेल्या शिबंदीला मराठ्यांनी सन्मानाने जाऊ दिलं, हे तितकंच खरं. आणि या सगळ्याची धडकी सगळ्यात जास्त भरली ती मुंबईच्या इंग्रजांना. मराठ्यांच्या हाती पडू नये म्हणून वांद्र्याचा किल्ला पाडला गेला, मुंबईच्या कोटाभोवती खंदक खणायला घेतला, त्यासाठी व्यापाऱ्यांनी ३०,००० रुपये काढून दिले. पुढे १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाणं घेतलं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी कायमची त्यांची झाली. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही आज आपण मुंबई म्हणतो ती गावं पाऊणशे वर्षांच्या आत तीन सत्तांखाली होती. हा इतिहास कुणा एकाच्या विजयाचा फलक लावून मिटत नाही. दुर्दैवाने, फलक, पुतळा आणि रंगीत रोषणाई यांपलीकडे आपल्या स्मारकांच्या अंदाजपत्रकात फार काही नसतं. घोडबंदरच्या बुरुजावर आणखी एक दिवा लावण्याऐवजी समोरच्या खाडीकडे तोंड करून एक साधा नकाशा बसवला, तर येणाऱ्याला कितीतरी जास्त कळेल.

हे होण्यासाठी पैसा फारसा लागत नाही. अडचण वेगळीच आहे. घोडबंदर आणि धारावी ठाणे जिल्ह्यात, वसई पालघर जिल्ह्यात, आणि इथे फिरायला येणारा मोठा वर्ग मुंबई उपनगर जिल्ह्यातला. वसई केंद्रीय पुरातत्त्व खात्याची, घोडबंदरची देखभाल राज्याच्या आणि महापालिकेच्या अखत्यारीत, कांदळवन वन विभागाचं, जलवाहतूक मेरीटाइम बोर्डाची. प्रत्येकाने आपलं काम चोख केलं तरी मधली खाडी कुणाचीच नाही. नशिबाने तिच्यावरून फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर-वसई रो-रो बोट सुरू झाली आहे, आणि या वाटेचा सगळ्यात मोलाचा टप्पा न मागता मिळाला आहे. सकाळी घोडबंदर, दुपारी धारावीची टेकडी, मग भाईंदरच्या धक्क्यावरून बोटीने वसईच्या तटाखाली: वेढ्याची अख्खी रचना एका दिवसात, बरीचशी पायी, मधली बसने आणि थोडी पाण्यावरून पाहता येते. उत्तन-विरार सागरी सेतू व्हायचा असेल तर त्याचा उतार कुठून जाणार, टेकडीच्या कोणत्या अंगाला इमारतींची उंची किती ठेवायची, हे नकाशावर पेन्सिलने आहे तोवरच बदलता येतं. पुण्यात टेकड्यांवरच्या आरक्षणासाठी वर्षानुवर्षं भांडावं लागलं, कारण तिथे भांडण उशिरा सुरू झालं. म्हणून ठाणे आणि पालघरच्या पालकमंत्र्यांनी या सगळ्या खात्यांना एका टेबलाशी बसवावं, आणि घोडबंदर व धारावीच्या माथ्यावरून खाडीकडे जाणारे दृश्याचे कोन विकास आराखड्यात नोंदवून घ्यावेत. वाटेचे फलक, नकाशे, माहितगारांचं प्रशिक्षण पुढच्या वर्षी झालं तरी चालेल. कोनांची नोंद याच वर्षी व्हायला हवी.